आधी चार पायऱ्या वर, मग खाली : भुयारी मेट्रोच्या दाराची पार्श्वभूमी

मुंबईच्या भुयारी मेट्रोचे नवे दार उघडले की पहिल्या आठवड्यात प्रवासी साधारण तेच बोलतात. आत गारवा आहे, फरशी लखलखते आहे, लोकलच्या मानाने किती शांत आहे, हे कौतुक. आणि मग तक्रारी. खाली जायचे तर आधी वर का चढायचे? सरकता जिना फक्त वर येणाराच का? फलकावर ए१, बी२ लिहिले आहे, पण रस्त्याच्या कोणत्या अंगाला बाहेर पडणार ते का लिहिलेले नाही? यातल्या पहिल्या प्रश्नाला सर्वांत मोठा इतिहास आहे, म्हणून ही टिपणी मुख्यतः त्या चार पायऱ्यांची आणि त्यांच्या निमित्ताने दाराच्या एकूण बांधणीची.

लंडनमध्ये १८६३ साली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा दार म्हणजे रस्त्यावरची एक इमारत होती. तिकीटघरात शिरायचे आणि जिन्याने उतरायचे. फूटपाथमध्येच थेट जिना उघडायची पद्धत बुडापेस्ट (१८९६) आणि पॅरिस (१९००) या शहरांत रुळली. फूटपाथवर जिना उघडला की रस्त्यावरचे पाणीही त्याच वाटेने उतरू शकते. जानेवारी १९१० मध्ये सीन नदीला पूर आला तेव्हा पॅरिसने ते अनुभवले. मात्र सां-लाझार स्थानकाच्या परिसरात पाणी पोहोचले ते त्या वेळी बांधकाम चालू असलेल्या, अजून न उघडलेल्या मार्गाच्या बोगद्यातून. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो परत येणार आहे. भारतात कोलकाता १९८४ साली भुयारात उतरले, दिल्ली २००४ मध्ये आणि मुंबई ऑक्टोबर २०२४ मध्ये.

मुंबईच्या दारांची उंची समजून घ्यायची तर २६ जुलै २००५ पासून सुरुवात करावी लागते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला अवघा ७३ मिमी. कफ परेड ते आरे हा ३३.५ किमीचा मार्ग या दोन्ही पर्जन्यमापकांच्या मुलखातून जातो. वाटेत तो मिठी नदीच्या खालून, धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या मधून सरकतो. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिमी पावसासाठी आखलेली होती आणि नंतरच्या सुधारणांत ५० मिमीचे उद्दिष्ट धरले गेले. भरती साडेचार मीटरच्या वर गेली आणि त्याच वेळी जोराची सर आली, तर समुद्राकडे उघडणारी तोंडे पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, ते रस्त्यावर उभे राहते. अशा शहरात भुयाराचे दार फूटपाथच्या पातळीला उघडणे म्हणजे विहिरीला कठडा न बांधणे. म्हणून २७ पैकी २६ स्थानके जमिनीखाली असलेल्या या मार्गावर दारांना जोते, म्हणजे पायऱ्या चढून जायचा चौथरा, दिले गेले.

जोते किती उंच असावे, यावरचा वाद मात्र उंचीचा कमी आणि शब्दाचा जास्त आहे. ‘पातळी’ हा एकच शब्द तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली पातळी नकाशावरची. मुंबईत बांधकामाच्या उंच्या ‘टाउन हॉल डेटम’ या जुन्या संदर्भापासून मोजतात. कामावरची माणसे त्याला नुसते टीएचडी म्हणतात. नाव जुन्या टाउन हॉलवरून आले, आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे ती वास्तू. इमारतीच्या परवानगीत वर्षानुवर्षे एक अट छापून येते : सखल भूखंड ९२ टीएचडीपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा १५ सेंमी वर, यांपैकी जे जास्त असेल तितका, भराव घालून उंच करावा. हे ९२ म्हणजे फूट, मीटरमध्ये सुमारे २८.०४. त्याचा अर्थ ती जागा समुद्रापासून ९२ फूट उंच आहे असा नाही, कारण या मोजणीचा शून्यच समुद्रसपाटीच्या बराच खाली धरलेला आहे. नकाशा हातात घेऊन ‘हे दार तर २८ मीटरवर आहे, इथे पाणी कसे येईल’ असे म्हणणारे लोक या शून्यावर फसतात.

दुसरी पातळी पुराची, म्हणजे त्या जागी आजवर पाणी कुठवर चढले त्याची नोंद. दाराचा उंबरठा या नोंदीच्या वर, काही मोकळी उंची राखून ठेवायचा असतो. ही नोंद टीएचडीत लिहिली असेल तरच ती टिकते. ‘कमरेएवढे पाणी’ किंवा ‘दुकानाच्या दुसऱ्या फळीपर्यंत’ अशी आठवण उंबरठा आखायला उपयोगाची नाही.

तिसरी पातळी रस्त्याची, आणि सर्वांत जास्त घोळ हिचाच. ‘दार रस्त्यापासून ६० सेंमी वर’ असे लिहिले तर रस्ता म्हणजे कोणता भाग? रस्त्याला पाणी वाहून जावे म्हणून मधून कडेकडे ढाळ असतो. १४ मीटर रुंद रस्त्याला २ टक्के ढाळ धरला तर मधला माथा कडेपेक्षा १४ सेंमी वर असतो. गटाराकडेपासून ६० सेंमी मोजलेले जोते माथ्यापासून मोजले तर ४६ सेंमीच भरते. शिवाय रस्ता जागेवर राहत नाही. जुना थर न खरवडता ५ सेंमीचे डांबर तीनदा चढले की १५ सेंमी गेले, म्हणजे एक अख्खी पायरी. डांबर काढून काँक्रीट करताना खोदून जुनी उंची राखता येते. तिथे चूक होते ती ढाळाच्या दिशेत. पूर्वी दारापासून दूर जाणारे पाणी नव्या ढाळाने दाराच्या कोपऱ्यात येऊन थांबते.

चौथी पातळी प्रवाशाची : फूटपाथ. तो पायऱ्या मोजतो त्या इथून. एकाच दाराविषयी प्रवासी ‘फारच उंच’ म्हणतो, रस्त्याचे काम पाहणारा ‘पुरेसे’ म्हणतो आणि पुराचा हिशेब मांडणारा ‘कमी’ म्हणतो, आणि तिघेही आपापल्या शून्यापासून बरोबर असतात. उंबरठ्याचा आकडा टीएचडीत दाराच्या भिंतीवर कोरून ठेवला तर यातला निम्मा गोंधळ मिटेल. तो कोरावा असे आमचे ठाम मत आहे.

काही सेंटिमीटरांसाठी एवढी चर्चा कशाला, याचे उत्तर हिशेबात आहे. ६ मीटर रुंद दाराच्या उंबरठ्यावरून ५ सेंमी जाडीचे पाणी आत पडू लागले तर सेकंदाला साधारण ११५ लिटर येते. जाडी दुप्पट, १० सेंमी झाली की पाणी दुप्पट होत नाही, ते ३२० लिटरच्या आसपास जाते. दहा मिनिटांत १ लाख ९० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १९ टँकर. ते जिन्यावरून कोसळत पहिल्यांदा सरकत्या जिन्याच्या आणि लिफ्टच्या तळखड्ड्यात भरते. तिथला पाण्याचा सेन्सर जिना बंद करतो, आणि माणसांना बाहेर पडायचे असते नेमक्या त्याच वेळी चढायला फक्त दगडी पायऱ्या उरतात.

जोत्याच्या मदतीला आणखी दोन गोष्टी असतात. उंबरठ्यालगत आडवी चर आणि तिच्यावर लोखंडी जाळी, जी छत्र्यांचे आणि वाऱ्याने आत येणारे पाणी खालच्या टाकीकडे नेते. आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचा, ज्यांत गरज पडली की ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक बसवून तात्पुरता बांध उभा करायचा. दोन्ही साध्या आहेत आणि दोन्ही साध्याच कारणांनी निकामी होतात. जाळीत पाने, गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक अडकते. खाचांत फरशीचे काम करताना सिमेंट सांडून वाळते आणि फळी शेवटची चार बोटे खाली बसत नाही. सर्वांत खालच्या फळीचे रबर उन्हाने कडक होते. उंबरठ्याचा दगड एका रेषेत नसेल तर रबर नवे असूनही खालून पाझर राहतो. फळ्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवल्या असतील तर त्या वर आणण्यातच पहिली पंधरा मिनिटे जातात. फळ्या दाराशीच, कुलूपबंद कपाटात असाव्यात.

चढाच्या पायऱ्यांची किंमत कोण मोजतो, हेही सांगायला हवे. १५ सेंमीच्या चार पायऱ्या म्हणजे ६० सेंमी. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ हा उतार धरला तर ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय दोन्ही टोकांना खुर्ची वळवायला दीड-दीड मीटर सपाट जागा. एकूण १० मीटरच्या वर गेले. फूटपाथवर एवढी सलग जागा नसते, म्हणून रॅम्प दुमडतो, अरुंद होतो, किंवा लिफ्ट असलेल्या एकाच दाराला मिळतो, जे नेमके रस्त्याच्या पलीकडे असते. इथे प्रवाशांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. उपाय जोते कमी करणे हा नाही. लिफ्टचे दार कोणते, हे वर रस्त्यावरच्या प्रत्येक दारावर बाणासह लिहिणे हा आहे. गुळगुळीत ग्रॅनाइटचेही तेच. पहिल्या दिवशी सुंदर दिसतो, ओल्या चपलांखाली घसरतो. दाराच्या पायऱ्यांना फ्लेम फिनिशचा खरखरीत दगडच हवा.

आता मुख्य वादाकडे : काही दारे अपूर्ण असताना स्थानक उघडावे का? हा मार्ग तीन टप्प्यांत उघडला : आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथून आचार्य अत्रे चौक मे २०२५ मध्ये, आणि कफ परेडपर्यंतचा उरलेला भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये. टप्पे उघडताना काही दारे पूर्ण नव्हती. स्थानक चालू, पण एखादे दार पत्र्याआड, असे चित्र होते.

असे का होते ते बांधणीच्या क्रमात आहे. आधी स्थानकाची मुख्य पेटी, म्हणजे फलाट ज्यात असतात तो जमिनीखालचा मोठा भाग, खोदली जाते, रस्त्याचा अर्धा भाग बंद करून, मग उरलेला अर्धा. दारांचे फाटे, म्हणजे दारांकडे नेणाऱ्या वाटा, पेटीच्या बाहेर, फूटपाथकडे जातात. फूटपाथखालीच जलवाहिन्या, विजेच्या केबल आणि पर्जन्यवाहिन्या असतात आणि त्या हलवल्याशिवाय खोदता येत नाही. कुठे जमिनीचा ताबा अडतो, कुठे जुन्या इमारतीचा पाया जवळ येतो. म्हणून दार हा स्थानकाचा शेवटी पूर्ण होणारा भाग. पेटीच्या भिंतीत दारासाठी जागा राखलेली असते. ती भिंत फोडली की दाराचा उघडा खड्डा आणि चालू स्थानक यांच्यात फक्त तात्पुरता बांध उरतो.

टप्प्याटप्प्याने उघडण्याच्या बाजूनेही भक्कम मुद्दे आहेत. एका दारासाठी सगळा मार्ग थांबवला तर लाखो लोकांचे महिने जातात. सुरक्षेचे गणितही दारांच्या संख्येचे नसते, वेळेचे असते : फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि माणसे सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचावीत, हा भुयारी स्थानकांसाठी वापरला जाणारा निकष. उघडी दारे तो पाळत असतील तर स्थानक चालवता येते.

पण हा निकष माणसे बाहेर कशी पडतील ते मोजतो, बंद दारातून आत काय येईल ते नाही. १५ नोव्हेंबर २०२४ ला वांद्रे-कुर्ला संकुल स्थानकात आग लागली ती ए४ या दारापाशी साठवलेल्या लाकडी फळ्या आणि बांधकामाच्या सामानाला. धूर आत आला आणि सेवा काही काळ थांबली. २६ मे २०२५ ला पाऊस मुंबईत नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी दाखल झाला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी भरले. तेही प्रवाशांच्या चालू दारातून आले नाही. बांधकाम चालू असलेल्या दाराशी पाणी अडवण्यासाठी उभी केलेली काँक्रीटची भिंत कोसळली आणि पाणी त्या वाटेने फलाटापर्यंत गेले. स्थानक उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या.

चीनमध्ये झेंगझोउला २० जुलै २०२१ रोजी तासाभरात २०१.९ मिमी पाऊस पडला आणि पाचव्या मार्गावर १४ प्रवासी दगावले. तिथेही पाणी स्थानकाच्या दारातून उतरले नव्हते, गाड्यांच्या यार्डाची पाणी अडवणारी भिंत पडून ते मुख्य बोगद्यात शिरले. सां-लाझार १९१०, झेंगझोउ २०२१, मुंबई २०२५ : तिन्हीकडे पक्के दार टिकले आणि तात्पुरते किंवा अपुरे बांधकाम गेले. अत्रे चौकानंतर चर्चा चालू दारांच्या पायऱ्यांवरच फिरत राहिली, ही मोठी चूक झाली. आमच्या मते टप्पा उघडण्याची अट अशी हवी : दार अपूर्ण असले तरी चालेल, पण पेटी आणि त्या दाराचा फाटा यांच्यामधली भिंत पक्की, पाण्याचा पूर्ण दाब घेणारी असावी, आणि फाट्यात सामान साठवू नये. भिंतीची तारीख मे अखेरची धरून चालणार नाही, वळवाचा पाऊस एप्रिलपासून येतो.

सरकत्या जिन्याच्या आणि आणखी एका, मोबाइल नेटवर्कच्या, तक्रारीविषयी थोडक्यात. सरकता जिना ३० अंशांच्या चढाचा असतो, १२ मीटर उंची गाठायला २४ मीटर लांबी लागते आणि सेकंदाला ०.६५ मीटर या वेगाने तो प्रवास सदतीस सेकंदांचा. अरुंद दारात दगडी जिन्याशेजारी एकच सरकता जिना मावतो, मग तो चढणाऱ्यांना दिला जातो. गुडघे दुखणाऱ्यांना उतरणेच जड जाते, हे तितकेच खरे, आणि त्यांच्यासाठी लिफ्टचे दार हाच मार्ग आहे. मोबाइलचे नेटवर्क मात्र मार्ग उघडल्यावर जिन्याच्या मध्यावर जाई, त्याला दाराची बांधणी कारण नव्हती, बोगद्यात सिग्नल पोहोचवण्याची यंत्रणा कोणी आणि कोणत्या अटींवर बसवायची या वादातून ते रखडले. त्यामुळे फोनवरचे तिकीट वरच काढून खाली उतरायची सवय लोकांनी लावून घेतली आणि गर्दीच्या वेळी माणसे उंबरठ्यावर थबकू लागली, बरोबर त्या खाचांच्या आणि जाळीच्या जागी. पावसाळ्यात फळ्या बसवायची वेळ आली तर हीच जागा आधी मोकळी करावी लागेल.