वेष्टनाचा कचरा आणि २०१८ची दुरुस्ती : पार्श्वभूमी

वेष्टनाच्या कचऱ्याचा भार उत्पादकाने उचलावा, हे जर्मनीने १९९१ सालीच कायद्यात आणले. आपल्याकडे २०११च्या प्लास्टिक कचरा नियमांत ते आले, पण महापालिकेने सांगितले तर संकलन केंद्राचा खर्च द्यायचा, इतपतच. सक्ती आली ती १८ मार्च २०१६च्या नियमांनी. उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांनी सहा महिन्यांत संकलनाची व्यवस्था ठरवायची होती, आणि पुनर्प्रक्रिया न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचे होते.

बहुस्तरीय म्हणजे शाम्पूच्या पुडीसारखे: तिच्यात पीईटी (पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक) व पॉलिथिनचे थर आणि मध्ये धातूचा मुलामा असतो. पॉलिथिन सुमारे ११०-१३० अंशांना वितळते, पीईटीला २५० लागतात. त्यामुळे एकत्र वितळवून नव्या वस्तूंसाठी लागणारा प्लास्टिकचा धड दाणा निघत नाही. पुडी ग्रॅमभराची धरली तर किलोला हजार वेचाव्या लागतात, आणि भंगारवाला त्याला भाव देत नाही.

मुदत उलटून नऊ दिवस झाल्यावर, २७ मार्च २०१८ला, दुरुस्तीने नियमातले वाक्यच बदलले: बंदी आता ‘पुनर्प्रक्रिया न होणाऱ्या, किंवा ऊर्जा न मिळणाऱ्या, किंवा पर्यायी उपयोग नसलेल्या’ बहुस्तरीय प्लास्टिकवर. शब्दशः वाचले तर ‘किंवा’मुळे बंदीची कक्षा वाढायला हवी. व्यवहारात अर्थ उलटा लागला: सिमेंटच्या भट्टीत जळते ना, मग उपयोग आहे. जळत नाही असे प्लास्टिक सापडणे कठीण, म्हणजे बंदी नावापुरतीच उरली. शिवाय भट्टीला माल कोरडा आणि बारीक केलेला लागतो. त्यात पीव्हीसी (क्लोरीन असलेले प्लास्टिक) मिसळले तर क्लोरीनमुळे आत थर साचतात. ही वर्गवारी आणि वाहतूक कुणाच्या खर्चाने, हे दुरुस्तीत नव्हते.

चारच दिवस आधी, २३ मार्चला, महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी जाहीर केली होती. तिच्यातही कारखान्यात होणाऱ्या पॅकिंगला सूट होती. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत (रिकामी पिशवी परत दिल्यावर मिळणारे पैसे) छापायची अट मात्र घातली. वास मारणाऱ्या रिकाम्या पिशव्या दुकानदाराने कुठे साठवायच्या आणि परत कोण नेणार, याचे उत्तर नसल्याने योजना अडखळली.

१६ फेब्रुवारी २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिल्यांदा आकडे बांधले. गेल्या दोन वर्षांच्या विक्रीतील वेष्टनाचे सरासरी वजन हा जबाबदारीचा पाया. प्लास्टिकबरोबर दुसऱ्या पदार्थाचा थर असलेल्या वेष्टनासाठी (वर्ग ३) किमान पुनर्प्रक्रिया २०२४-२५ला ३० टक्के, २०२७-२८ला ६०. कडक प्लास्टिकला ५० ते ८०. भट्टीत जाळणे, रस्त्यात वापरणे आणि तेल काढणे हे मार्ग आता फक्त पुनर्प्रक्रिया न होणाऱ्या मालासाठी. पुनर्प्रक्रिया आणि जाळणे यांतला २०१८ला पुसलेला फरक असा चार वर्षांनी परत आला.

सोबत, पुनर्प्रक्रिया केल्याबद्दल कारखान्यांना मिळणाऱ्या आणि कंपन्यांनी आपली जबाबदारी भागवायला विकत घ्यायच्या प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री आली, आणि तिथेच गळती सुरू झाली. कारखान्याची क्षमता, वीजबिल आणि जीएसटीची बिले ताडून न पाहता प्रमाणपत्र निघाले, तर कागदावर कितीही टन बसवता येतात. २०२३च्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातून लाखो बनावट प्रमाणपत्रे उघड झाली. डिसेंबर २०२४मध्ये कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांसाठी नियमांचा मसुदा आला, तोही प्रमाणपत्रांवरच आधारलेला.