हेडफोनची केबल घरी तयार करताना : तार आणि प्लग यांची निवड

आमच्याकडून सुटी तार आणि प्लग घेणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा तांब्याच्या शुद्धतेविषयी असतो. दुरुस्तीसाठी आमच्या टेबलावर येणाऱ्या केबलींमध्ये मात्र दोष तांब्याचा नसतो. तार प्लगच्या मानेशी वाकून वाकून तुटलेली असते, किंवा सोल्डरचा जोड सुटलेला असतो. म्हणून तारेवर खर्च करण्याआधी प्लगवर करावा, असे आमचे मत आहे आणि हे माहितीपत्रक त्याच क्रमाने विचार करण्यासाठी लिहिले आहे.

तरीही तारेच्या जाडीचा हिशोब एकदा मांडून पाहिला पाहिजे. अमेरिकन मापाच्या २६ गेज (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, तो जितका मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, दर मीटरला सुमारे ०.१३ ओहम असतो. दीड मीटर लांबीच्या केबलमध्ये जाण्याचा व येण्याचा मार्ग धरून तो ०.४ ओहम होतो. ३२ ओहमच्या हेडफोनवर यामुळे आवाजात पडणारा फरक साधारण ०.१ डेसिबलचा, म्हणजे कानाला न जाणवणारा असतो. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनवर तर तो नगण्यच असतो. चांदीचा रोध तांब्याहून जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी कमी आहे, आणि तेवढीच घट हवी असेल तर तांब्याची तार किंचित जाड घेऊनही ती साधते. चांदीचा मुलामा दिलेली तार आम्ही विकतो, ती दिसायला देखणी असते आणि तिला सोल्डरही चटकन धरते. आवाज बदलेल या आशेने मात्र ती घेऊ नये.

मापाबाबत एक सावधगिरी बाळगावी. बाजारात ‘सात-अडतीस’ किंवा ‘चौदा-अडतीस’ म्हणून मिळणाऱ्या तारेतला पहिला आकडा धाग्यांची संख्या सांगतो आणि दुसरा प्रत्येक धाग्याचे ब्रिटिश गेज. त्या हिशोबाने ७/३८ ची तार अमेरिकन २६ गेजच्या जवळपास बरोबरीची ठरते. एकसंध तारेत मात्र ब्रिटिश २६ गेजचा व्यास ०.४६ मिलिमीटर असतो आणि अमेरिकन २६ गेजचा ०.४० मिलिमीटर, तेव्हा नुसते ‘सव्वीस नंबर’ म्हणून मागणी करू नये. अर्थात हेडफोनसाठी एकसंध तार घेऊच नये, कारण ती थोड्याच दिवसांत वाकण्याच्या जागी तुटते. धागे जितके बारीक आणि अधिक, तितकी तार मऊ राहते. मऊपणाचा आणखी एक फायदा आहे: ताठ आवरणाची केबल शर्टाच्या बटणाला घासली, की ती खरखर थेट कानात पोहोचते, आणि कानात घालायच्या इअरफोनमध्ये हा त्रास विशेष जाणवतो. प्रत्येक धाग्यावर लाखेसारखा इनॅमलचा लेप असलेली लिट्झ तार सुरेख असते, पण तो लेप गरम सोल्डरमध्ये बुडवून जाळल्याशिवाय जोड धरत नाही. पहिल्याच प्रयत्नाला ती टाळावी.

केबलमध्ये तीन तारा घ्याव्यात की चार, हा निर्णय आमच्या मते जाडीपेक्षा महत्त्वाचा आहे. डाव्या व उजव्या कानाचा परतीचा मार्ग एकाच बारीक तारेतून नेला, तर एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या बाजूला झिरपतो. २८ गेजच्या दीड मीटर सामायिक तारेवर ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ही गळती सुमारे एक टक्का होते. हेडफोनच्या दोन्ही कपांत स्वतंत्र सॉकेट असल्यास चार तारा घेऊन परतीच्या दोन तारा थेट प्लगमध्येच एकत्र कराव्यात. ऑडिओ टेक्निका एटीएच-एम५० एक्ससारख्या एकाच कपात केबल जाणाऱ्या हेडफोनमध्ये ती सोय नसते. तिथे तीन ताराच पुरेत, फक्त परतीची तार जाड घ्यावी.

प्लग निवडताना प्रथम त्याच्या मागच्या टोपणाचे छिद्र पाहावे. चार तारांची वेणी घातल्यावर जाडी किती होते ते व्हर्नियरने मोजावे आणि त्याहून किंचितच मोठे छिद्र असलेला प्लग घ्यावा, म्हणजे मानेशी केबल घट्ट धरली जाते. मोबाईलला जाड कव्हर असेल, तर टोपण कव्हरच्या खाचेत बसते का, हेही पाहावे. हेडफोनच्या बाजूचा प्लग तर मूळ सॉकेटप्रमाणेच हवा: वर उल्लेखलेल्या एटीएच-एम५० एक्सला फिरवून अडकणारा २.५ मिलिमीटरचा, तर एचडी ६०० ला दोन पिनांचा, ज्यात एक पिन दुसरीहून किंचित जाड असते. ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड प्लग (ज्यात दोन्ही कानांचे परतीचे मार्ग शेवटपर्यंत वेगळे राहतात) लावायचा असल्यास टोकाकडून क्रमाने डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण अशी जोडणी करावी. तीन तारांची केबल बॅलन्स्ड अँप्लिफायरला कोणत्याही अडॅप्टरने जोडू नये. दोन्ही ऋण टोके एकत्र आल्याने अँप्लिफायर बिघडू शकतो.

सोल्डरिंगसाठी ६३/३७ चे (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे), रोझिन म्हणजे राळेच्या गाभ्याचे सोल्डर वापरावे. ते १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. तापवताना प्लग जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवावा, म्हणजे आतले प्लास्टिक मऊ होऊन प्लगच्या धातूच्या कड्या हलत नाहीत. टोपण आणि हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून जोडावर घट्ट बसणारी) मात्र सोल्डरिंगच्या आधीच केबलवर ओवून घ्यावी. (हे आम्हीही अजून कधीकधी विसरतो.) शेवटी मल्टीमीटर बीपवर (जोड सलग असेल तर आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्रत्येक जोड मानेशी हलकेच वाकवत तपासावा, आणि शेजारच्या दोन कड्यांमध्ये बीप वाजत नाही याचीही खात्री करावी.

कापून दिलेली तार परत घेता येत नाही. त्यामुळे खरेदीला येताना हेडफोन आणि जुनी केबल, तुटलेली असली तरी, सोबत आणावी. सॉकेट पाहून व लांबी मोजूनच आम्ही तार कापून देऊ.