पोरांची सहल, मोठ्यांचा मेळा: हर्मनच्या मायफेस्टची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जर्मन उत्सवाला लेकरांना न्यायचं म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: तिथे बिअरचे तंबू, वाईनचे पेले, मुलांचं काय काम? मिझुरी राज्यातल्या हर्मन गावापुरतं बोलायचं तर हा प्रश्न उलटा विचारायला हवा. दर मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथे भरणारा मायफेस्ट मुळात मुलांचाच होता. मोठी माणसं त्यात मागाहून घुसली.

गावाची सुरुवात एका पुस्तकातून झाली म्हटलं तरी चालेल. गॉटफ्रीड डूडेन नावाचा जर्मन गृहस्थ 1824 ते 1827 अशी तीन वर्षं मिझुरीत राहिला आणि 1829 मध्ये त्याने तिथल्या जमिनीची, नदीची अशी काही तारीफ छापली की वाचणाऱ्यांना जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीचा काठच डोळ्यांपुढे दिसला. फिलाडेल्फियातल्या जर्मनांना वेगळीच चिंता होती. आपली मुलं इंग्रजीत विरघळून चालली आहेत, तेव्हा जिथे सगळा व्यवहार जर्मनमध्येच चालेल असं एक गाव वसवू या. 1836 मध्ये त्यांनी वसाहतीसाठी संस्था काढली, जॉर्ज बायर या शिक्षकाने मिझुरी नदीकाठी 11 हजारांहून अधिक एकर जमीन घेतली, आणि डिसेंबर 1837 मध्ये पहिले 17 जण ऐन थंडीत उतरले. समोर चढउताराची, दगडगोट्यांची जमीन. गहू-मका पिकवायला नालायक, पण द्राक्षाला झकास. रस्त्यांना मात्र त्यांनी गटे, शिलर, मोझार्ट, गुटेनबर्ग अशी नावं दिली. पोट रिकामं असताना नावं एवढी भरघोस ठेवणारी माणसं मला तरी आवडतात.

गावाला जर्मन शाळा होती, आणि मायफेस्टचं मूळ तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेचं वर्ष संपलं की पोरं वाजतगाजत मिरवणुकीने निघत आणि सहलीला जात. खायला क्नाकवुर्स्ट, म्हणजे चावताना कट्कन आवाज करणारं जाडजूड सॉसेज, आणि प्यायला गुलाबी लिंबू सरबत. वार्षिक परीक्षा संपल्यावर आपल्याकडे पोरं जी मोकळी सुटतात, तेच हे.

त्या काळच्या जर्मनांची मजा करण्याची तऱ्हाच सहकुटुंब होती. रविवारी चर्च झालं की आई-बाप, आजी-आजोबा, तान्ही मुलं सगळी बागेत टेबलं मांडून बसत. बँड वाजे, बाप बिअर घेई, पोरं झाडांखाली हुंदडत. रविवार म्हणजे मुकाट प्रार्थनेचा दिवस मानणाऱ्या इंग्रजी वळणाच्या शेजाऱ्यांना हे पाहवत नसे. 1855 मध्ये शिकागोच्या महापौराने दारूच्या परवान्याची फी 50 डॉलरवरून 300 डॉलरवर नेली आणि रविवारच्या दारूविक्रीवरची बंदी कडक केली, तेव्हा थेट दंगल पेटली. मुलांच्या बाबतीत मात्र अमेरिकेने जर्मनांकडून मुकाट्याने शिकून घेतलं. 1856 मध्ये मार्गारेट शुर्ट्झने विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला फ्र्योबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पद्धतीची बालशाळा काढली. ती देशातली पहिली किंडरगार्टन, आणि तीही जर्मन भाषेत चालणारी. आपली चिल्लीपिल्ली रोज डबा घेऊन ‘ज्युनिअर केजी’त जातात, त्यातल्या ‘के’ आणि ‘जी’ची जन्मकथा तीच.

मग पहिलं महायुद्ध आलं. 1917 मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि कालपर्यंतचा शेजारी संशयित झाला. सावरक्राउटला, म्हणजे जर्मन पद्धतीच्या आंबवलेल्या कोबीला, ‘लिबर्टी कॅबेज’ (स्वातंत्र्य कोबी) म्हणायची टूम निघाली. हर्मनच्याच परगण्यातल्या पोट्सडॅम गावाने 1918 मध्ये नाव बदलून अमेरिकन सेनापतीचं, पर्शिंगचं, नाव घेतलं. आयोवाच्या राज्यपालाने तर सार्वजनिक जागी, एवढंच काय टेलिफोनवरही, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी घातली.

या सगळ्यात माझ्या मनात रुतून बसलेला प्रसंग एका वर्गातला आहे. नेब्रास्कातलं हॅम्प्टन, मे 1920. चर्चच्या शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मनमधल्या बायबलकथा वाचून घेत होते. आठवी पास होण्याआधी मुलाला परकी भाषा शिकवणं हा त्या राज्यात 1919 पासून गुन्हा होता. तेवढ्यात दारात सरकारी वकील उभा राहिला. मायर यांनी वाचन थांबवलं नाही. 25 डॉलर दंड झाला, तोही त्यांनी निमूट भरला नाही. खटला वर वर लढत नेला, आणि 4 जून 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. परदेशात शनिवार-रविवारी पोरांना मराठी शाळेत सोडायला गाडी काढणाऱ्या आई-बापांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

कायदा गेला, धाक गेला नाही. घराघरांत जर्मन बोलणं बंद पडत गेलं. हर्मनवर दुहेरी घाव बसला, कारण 1920 च्या दारूबंदीने द्राक्षाचा धंदाही बुडवला. 1847 ची स्टोन हिल वायनरी, म्हणजे वाईनचा कारखाना, एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या वायनऱ्यांत गणली जाई. तिच्या तळघरांत पुढे अळंबी पिकवली गेली! तिथे पुन्हा वाईन सुरू झाली ती थेट 1965 मध्ये.

मायफेस्ट त्याआधी, 1952 मध्ये, पुन्हा उभा राहिला. जुन्या विटांच्या इमारती पाडल्या जाऊ नयेत म्हणून धडपडणाऱ्या ब्रश अँड पॅलेट क्लबने तो उभा केला. पैसा हवा होता, पाहुणे हवे होते, म्हणून पोरांची सहल मोठ्यांचा मेळा झाली. याच काळात इतर गावांनाही जर्मनपण सापडू लागलं. टेक्साससारख्या ठिकाणी ते अस्सल होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थने मात्र जर्मन मुळं नसताना निव्वळ पर्यटकांसाठी बव्हेरियाचा, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेकडच्या प्रांताचा, मुखवटा चढवला. सगळीकडे दिसणारे चामडी चड्ड्यांचे पोशाखही बव्हेरियाचेच. अमेरिकेत आलेले कितीतरी जर्मन उत्तरेकडचे होते, त्यांच्या आजोबांनी असली चड्डी कधी घातली नसेल. 1945 नंतर बव्हेरिया अमेरिकन फौजांच्या ताब्यात होता. परतलेल्या सैनिकांच्या डोळ्यांत जर्मनी म्हणजे तेवढंच राहिलं असावं, असा माझा तर्क.

सेंट लुईसहून येणारी ॲमट्रॅकची रेल्वेगाडी हर्मनला थांबते. स्टेशनपासून थोडं चालत शिलर स्ट्रीटवर गेलं की जुनी जर्मन शाळा लागते. आता तिथे गावाचं संग्रहालय आहे. तंबूंकडे वळण्याआधी पोरांना ती इमारत दाखवावी, आणि सांगावं की सुट्टी लागली की मिरवणूक काढणारी पोरं याच गावच्या जर्मन शाळेची होती.