चढलेली दिसणं वेगळं, अंगात असणं वेगळं

बारच्या स्टाफला शिकवायला उभा राहिलो की पहिल्याच तासाला मी एक प्रश्न टाकतो: स्ट्राँग बिअरची मोठी बाटली जास्त, की व्हिस्कीचे दोन स्मॉल? समोर आठ-दहा वेटर, दोन कॅप्टन, म्हणजे वेटरांचे प्रमुख, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेला बारमन. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "सर, व्हिस्कीच की. बिअरने काय होतंय?"

मग मी पेग मेजर पुढे ओढतो आणि हिशेब मांडतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. ३० मिलीच्या स्मॉलमध्ये त्याप्रमाणे जवळपास १३ मिली शुद्ध अल्कोहोल येतं, वजनात १० ग्रॅम. लार्जमध्ये २० ग्रॅम. आता बिअर बघा. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते आणि बाटली ६५० मिलीची. त्यात ५२ मिली अल्कोहोल बसतं, म्हणजे ४१ ग्रॅम. एका बाटलीत चार स्मॉल झाले. वर्गात जरा वेळ कोणी काही बोलत नाही, कारण प्रत्येकाला आपापलं टेबल आठवत असतं: दोन बाटल्या पिऊन बाइकला किक मारणारी पोरं, आणि "बिअरच तर घेतलीय" म्हणून निर्धास्त असलेला आपला बारमन. गोव्यात उन्हाळ्यात हुर्राकचं, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचं, असंच होतं. फेणीपेक्षा ती बरीच सौम्य असते, लिंबू-सोड्यात सरबतासारखी उतरते, म्हणून ग्लास मोजायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

हा हिशेब प्रत्येकाला आलाच पाहिजे. पण तो आला म्हणजे गिऱ्हाईक ओळखता आलं, असं नाही. इथेच मोठी गल्लत होते.

प्रत्येक टेबलाबद्दल स्टाफला दोन प्रश्न पडायला हवेत. ह्या माणसाला आणखी द्यायची का? आणि ह्याने आता गाडीला हात लावावा का? पहिल्याचं उत्तर माणसाकडे बघून मिळतं. दुसऱ्याचं बीओटीवर लिहिलेलं असतं, म्हणजे बारला गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर. आपण मात्र दोन्हींना एकच माप लावतो. पाय लटपटले की 'चढली', नाही लटपटले की 'साहेब ओके'. अपघातानंतर "ते तर पूर्ण शुद्धीत होते" असं जे ऐकू येतं, ते खोटं बोलायचं म्हणून कोणी बोलत नाही. चुकीच्या प्रश्नाचं ते खरं उत्तर असतं.

कायद्यानेही ह्या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या आहेत. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ८५ रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी पिऊन स्वतःला सांभाळता न येणाऱ्याला, धिंगाणा घालणाऱ्याला लागतं. तिथे वागणं बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मात्र आकडा आहे: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. माणूस किती सभ्य बोलत होता ह्याला तिथे काडीची किंमत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंग्लंडमध्येही तसंच आहे. पिऊन तर्र झालेल्याला दारू विकणं हा २००३ च्या लायसन्सिंग कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात मिलिग्रॅमचा उल्लेख नाही. गाडीसाठीची ८० मिलिग्रॅमची मर्यादा वेगळ्या कायद्यात. सिडनीला शिकायला गेलेली आपली मुलं बारमध्ये काम धरायचं म्हणून आधी आरएसएचा, म्हणजे जबाबदारीने दारू देण्याचा, कोर्स करतात, तिथे त्यांना चार गोष्टी बघायला शिकवतात: बोलणं, तोल, हातापायांचा मेळ आणि वागणं. कोणाला आणखी द्यायची नाही हे ठरवायला ह्या चार गोष्टी उत्तम आहेत. गाडीचं त्यांवरून ठरवता येत नाही.

का नाही, ते आकड्यांत बघू. ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक स्मॉल झटपट घेतला तर १०० मिली रक्तात ढोबळमानाने २० मिलिग्रॅम येतं. दुसऱ्या स्मॉलला ४०. कायद्याची हद्द संपली, आणि तो माणूस जेमतेम दोन विनोद जास्त सांगतोय. ५५ किलोची बाई एकाच स्मॉलला तिशीच्या आसपास पोचते. स्ट्राँग बिअरची एक बाटली भरभर रिचवली तर तोच ७० किलोचा गडी ऐंशीवर जातो. शरीर हे उतरवतं तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या चालीने. ऐंशीवरून तिशीखाली यायला तीन तासांच्या वर लागतात. जेवण, वजन, तब्येत ह्यांनी आकडे वरखाली होतात, म्हणून ह्या हिशेबावर कोणाला "तुम्ही चालवा, काही होत नाही" असं कधीही सांगू नका. हा हिशेब थांबवण्यासाठी आहे, परवानगी देण्यासाठी नाही.

मी एका परमिट रूममध्ये कॅप्टन होतो तेव्हाची गोष्ट. एक काका दर शनिवारी यायचे. त्या रात्री अडीच तासांत चार लार्ज झाले. बिल आलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि वेटरने चकण्याची एक प्लेट जास्त लावलीय हे बोट ठेवून दाखवलं. टिप ठेवली, मला "चलतो रे" म्हणाले आणि ताठ मानेने पायऱ्या उतरले. मी मॅनेजरला म्हणालो, काका एकदम व्यवस्थित. पाचएक मिनिटांत वॉचमन धावत आला. गेटवर वळताना त्यांची गाडी एका उभ्या स्कूटरवर गेली होती, स्कूटरवर एक मुलगा टेकून बसला होता. त्याचा पाय मोडला. त्या रात्रीच्या बीओटी माझ्याच खिशात होत्या. चार लार्ज, ८० ग्रॅम. मी त्या एकदाही बाहेर काढून बघितल्या नव्हत्या.

बिलातली चूक ज्यांना दिसली त्यांना गेटवरची स्कूटर दिसली नाही, हे मला बरीच वर्षं समजत नव्हतं. रोज पिणाऱ्याचं शरीर सवयीची कामं सांभाळून घेतं: चालणं, बोलणं, बिल वाचणं. जे अचानक पुढे येतं, ज्याला एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष लागतं, तिथे ते उघडं पडतं. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे बघून काहीही ठरवू नये. उलट त्याचंच बीओटी सगळ्यात नीट मोजावं.

उलट बाजूही आहे. चिठ्ठीवर दोनच स्मॉल आणि माणसाची जीभ जड. तो आधी दुसरीकडे बसून आलेला असेल, झोपेची किंवा सर्दीची गोळी घेतलेली असेल, दिवसभर पोटात काही नसेल. तिथे चिठ्ठी नाही, माणूस खरा. माझा नियम सरळ आहे: बघून आणि मोजून वेगवेगळी उत्तरं आली, तर दोन्हींतलं जे वाईट असेल ते धरायचं.

ह्यात एक धोका कायम डोक्यात ठेवा. घामाघूम होऊन असंबद्ध बोलणारा, चिडचिड करणारा माणूस मधुमेही असू शकतो, त्याची साखर उतरलेली असू शकते. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, तर तो पक्षाघात असू शकतो. "टल्ली झालाय, बाहेर बसव" म्हणण्याआधी सोबतच्या माणसाला विचारा आणि शंका आली तर १०८ ला फोन करा. निपचित पडलेल्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका.

वयाचा मुद्दा ह्या दोन्हींत बसत नाही. तिथे बघणं नाही, मोजणं नाही, ओळखपत्र हातात घेऊन जन्मतारीख वाचायची. आपल्या राज्यात वाइन आणि सौम्य बिअरला २१, बाकीला २५. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर अल्पवयीनाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारचे मालक आणि मॅनेजर अटकेत गेले. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ ला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

सगळ्यात फसवी वेळ म्हणजे लास्ट ऑर्डर. दिवे वाढवायच्या आधी "दोन लार्ज एकदम आण" म्हणणारं टेबल रोज असतं. पोटातलं रक्तात पूर्ण उतरायला अर्धा तास ते तासभर, भरल्या पोटी त्याहून जास्त वेळ लागतो. दारात हसून निरोप घेणारा माणूस हायवेला लागेपर्यंत आणखी चढलेला असतो. लिंबूपाणी, कडक कॉफी, तोंडावर पाणी, ह्याने जाग येते, अल्कोहोल तसूभर कमी होत नाही. म्हणून शेवटच्या फेरीला डबल पाठवू नका. आणि ग्लास संपायच्या आत "रिपीट करू?" ही सवय तर मुळापासून सोडा. त्याऐवजी पाण्याचा जग आधी जाऊ दे, "साहेब, किचन बंद होतंय, जेवण लावू का?" असं विचारा.

नाही म्हणायची वेळ आली तर ते काम पोरगेल्या वेटरवर टाकू नका. कॅप्टनने जावं. मित्रांसमोर "तुम्हाला जास्त झालीय" म्हटलं की भांडण ठरलेलं. टेबलावरच्या सगळ्यात शुद्धीत असलेल्याला बाजूला घ्या, आवाज खाली ठेवून म्हणा, "दादा, आता आमच्याकडून एवढंच. गाडी मी बोलावतो, चावी काउंटरला ठेवा, सकाळी न्या." वेटरने नाही म्हटलेला पेग मॅनेजरने वरून पाठवला, तर त्या रात्रीपासून तुमच्याकडे कोणीही कोणाला थांबवणार नाही. हे मी मालकांना समोर बसवून सांगतो, कारण पोरांची हिंमत तिथूनच येते.

आणि गाडी कोण चालवणार, हे पहिल्या ऑर्डरलाच विचारायचं. तिसऱ्या पेगनंतर प्रत्येकाचं उत्तर "मीच, काही होत नाही" असं असतं. बीओटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: ड्रायव्हर, कॅब, किंवा स्वतः. जिथे 'स्वतः' लिहिलंय, तिथे दुसरा पेग बारवरून निघायच्या आधी कॅप्टनने टेबलाला जाऊन कॅबचं विचारायचं.