कुंडीतली फुलझाडं : पाणी कधी, कात्री कधी

आमच्या रोपवाटिकेतून जास्वंद, मोगरा, एक्झोरा नेलेली मंडळी महिन्याभरात फोन करतात : पानं पिवळी पडतायत, खत कोणतं टाकू? आमचा उलटा प्रश्न ठरलेला : पाणी किती घालता? बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं. रोज सकाळी तांब्याभर, माती ओली असो वा नसो. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, झाड माना टाकतं आणि तहानलंय समजून आपण आणखी एक तांब्या ओततो.

मातीत दोन पेरं बोट खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पाणी, तेही तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर रोज लागेल, डिसेंबरच्या थंडीत तीन-चार दिवसांनी पुरतं. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.

बोगनवेलीचं गणित आणखी वेगळं. कसमादेकडे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) डाळिंबाचा बहार धरायला पाणी तोडून ताण देतात, तसाच हिलाही द्यायचा. पानं किंचित मलूल झाली की मगच पाणी. लाडावली की नुसता पाला वाढतो. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. (ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं, खरं फूल आतलं, पांढरट, इवलंसं.)

शेतातली काळी माती कुंडीत नको. ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते. लाल माती 2 पाट्या, जुनं कुजलेलं शेणखत 1, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1 आणि वर निंबोळी पेंड. 12 इंची कुंडीला पेंड मूठभर पुरे. भोकावर खापराचा तुकडा ठेवा.

एक्झोरा किंवा अनंताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यावर संशय घ्या. अशा पाण्याने झाडाला लोह मिळेनासं होतं. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

आपला नाशिक जिल्हा द्राक्षबागा छाटणारा, पण घरच्या जास्वंदीला कात्री लावताना हात थरथरतो! थंडी ओसरली की फेब्रुवारीत जास्वंद, मोगरा तिसरा हिस्सा छाटा. फुलं नव्या फुटीवर येतात.

फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर पानं उलटून बघा, पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) असेल. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

तरीही अडलं तर कुंडी उचलून आणू नका, पानाचा आणि मातीचा फोटो पाठवा. फोटोआधी पाणी घालू नका. माती आहे तशी दिसू द्या.