निळा पडदा आला? मशीन ‘साफ’ करून आणू नका

‘मशीन बंद पडतंय, रॅम बदलून द्या.’ ही मागणी आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात इतक्यांदा होते (रॅम म्हणजे मशीनची चालू कामाची मेमरी), की शेवटी हे पत्रक छापून घेतलं.

आधी एवढंच पाहा : एक प्रोग्रॅम बंद पडला, की अख्खं मशीन?

हिशेबाचा प्रोग्रॅम मध्येच गेला पण ब्राउझर चालूच राहिला, तर प्रोसेसरने आपलं काम चोख केलं. कोणत्या प्रोग्रॅमला मेमरीतली कोणती जागा, तिथे नुसतं वाचायचं की लिहायचंही, याचे तक्ते विंडोज ठेवते आणि प्रोसेसर दर वेळी ते ताडून पाहतो. ४ केबीच्या पानांची ही पद्धत इंटेलच्या ३८६ पासून, म्हणजे १९८५ पासूनची. प्रोग्रॅमने हद्द ओलांडली की तेवढाच बंद होतो. (विंडोज ९८ मध्ये सगळंच गोठायचं. प्रोसेसर तेव्हाही सक्षम होता. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून विंडोजनेच काही भाग उघडा ठेवला होता.) अशा वेळी आधी प्रोग्रॅम अपडेट करा. रॅम विकायला आम्हालाही आवडेल, पण इथे बहुधा तिचा उपयोग नाही.

अख्खं मशीन थांबलं की विंडोज दाखवते तो निळा पडदा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा), हे प्रकरण वेगळं. ग्राफिक कार्ड, वाय-फाय, डोंगल यांचे बरेच ड्रायव्हर (ती उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतात आणि तिथे एकमेकांपासून असा आडोसा नसतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने हद्दीबाहेरचं वाचलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं आडवी झाली. त्यात दोष रॅमचा नव्हता.

आता मुद्द्याचं. पडदा आला की विंडोज बहुतेक वेळा ‘मिनीडम्प’ नावाच्या फोल्डरात नोंद ठेवते. दर वेळी तोच ड्रायव्हर दिसला तर संशय त्याच्यावर. दर वेळी पडद्यावर वेगळाच एरर कोड आला तर रॅमवर. पण ग्राहक आणण्याआधी क्लीनर (नको त्या फाइल पुसणारा प्रोग्रॅम) चालवतात, नाहीतर फॉरमॅटच मारून आणतात, आणि नोंद जाते. मग पडदा पुन्हा येईपर्यंत आम्ही मशीनसमोर बसून राहतो आणि तुमचं काम अडतं. कृपया काही पुसू नका. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, खालच्या ओळींसकट. जुनं डोंगल चालावं म्हणून यूट्यूबवर पाहून ‘मेमरी इंटिग्रिटी’ (कर्नलला जपणारी विंडोजची सोय) बंद केली असेल तर तेही सांगा. कुणी रागावणार नाही.

‘बाजूचा दहा मिनिटांत देतो, तुम्ही रात्रभर का ठेवता?’ खोडरबराने रॅमच्या पिना पुसायला दहा मिनिटं पुरतात आणि कधी कधी तेवढ्याने भागतंही. पण रॅमची पूर्ण चाचणी तासन्‌तास चालते. ती केल्याशिवाय नवी रॅम आम्ही लावत नाही.

तपासणी शुल्क दुरुस्तीच्या बिलातून वजा होतं. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना ते लागत नाही. त्यांच्या ड्रायव्हरची अद्ययावत यादीही आमच्याकडे असते, त्यामुळे शोध लवकर लागतो. कराराची माहिती काउंटरवर मिळेल.