ऊन पानाला, फटका मुळाला

६ सप्टेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथे पारा ४६.७ अंशांवर गेला. आपल्याकडे अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात एवढं तापलं तर लोक कूलरमध्ये पाणी भरतात आणि दुपारी घराबाहेर पडत नाहीत. तिथे ही लाट सप्टेंबरात आली, आणि उघड्यावर वाढणाऱ्या गांजाच्या झाडांचा हाच महिना सगळ्यात नाजूक असतो. रात्री मोठ्या होऊ लागल्या की हे झाड फुलावर येतं. तिथे ऑगस्टात कळ्या धरतात आणि काढणी ऑक्टोबरच्या आसपास होते. म्हणजे पीक ऐन फुलोऱ्यात असताना भट्टी पेटली.

कॅलिफोर्नियात २०१६ च्या जनमतानंतर एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी सहा झाडांपर्यंत लागवड करता येते. भारतात १९८५ च्या कायद्यानुसार गांजाची लागवड गुन्हा आहे, तेव्हा इथे कुणी हे करून बघायच्या फंदात पडू नये. पण उष्णतेपुढे हे झाड जसं वागतं तसंच तुमचं टोमॅटोचं रोप आणि गच्चीवरची तुळसही वागते, म्हणून हा प्रपंच.

पानाला पंखा नाही की सावलीत सरकण्याची सोय नाही. त्याच्याकडे एकच उपाय आहे, घाम. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबाने. मुळाशी ओल असेल तर भर दुपारीही पान आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड राहू शकतं. मात्र हवा फार कोरडी झाली की झाड पाणी वाचवायला छिद्रं मिटून घेतं. मग घाम थांबतो, पान तापतं, आणि त्याच छिद्रांतून आत येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा पुरवठाही तुटतो. अन्न बनवण्याचं काम मंदावतं. पानांच्या कडा वर वळून होडीसारखा आकार होतो. तो आजार नव्हे, ऊन अंगावर कमी घेण्याची झाडाची युक्ती आहे.

या झाडाला ऊन नेमकं किती लागतं? अमेरिकेत १९६८ पासून सरकारी कंत्राटावर संशोधनासाठी गांजा पिकवणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात याची मोजणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रकाशसंश्लेषण सर्वाधिक झालं ते ३० अंशांच्या आसपास आणि, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या मापाने, सुमारे १५०० एकक प्रकाशात. कडक उन्हाळ्यातल्या दुपारी सूर्य याच मापाने २००० च्या घरात प्रकाश ओततो. आता शेडनेटचा हिशेब करा. ३० टक्के सावलीची जाळी लावली तर पानापर्यंत १४०० पोहोचतो. झाडाचं जवळजवळ काही बुडत नाही, वरचं ओझं मात्र उतरतं. घाबरून ७५ टक्क्यांची जाळी लावली तर ५०० उरतो, म्हणजे झाड उपाशी. आणि जाळी झाडावर अंगरख्यासारखी पांघरायची नसते. वर हातभर मोकळी जागा हवी, नाहीतर तापलेली हवा खालीच कोंडते.

पण पानाचा घाम शेवटी मुळांच्या जिवावर चालतो, आणि खरी गडबड तिथेच होते.

मे महिन्यात दुपारी अडीचला नागपूरच्या आमच्या गच्चीवर मी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला पश्चिमेच्या बाजूने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्याच कुंडीची पूर्वेची बाजू कोमट होती. पुढे ते रोप गेलं तेव्हा माती काढून पाहिली. पश्चिमेकडची मुळं तपकिरी होऊन मऊ पडलेली, पूर्वेकडची पांढरीशुभ्र. जमिनीत वाढणारं झाड मूळ खाली गार थरात नेतं. कुंडीत ती मुभा नसते, मुळं कडेलाच जाऊन चिकटतात. म्हणून जाणते लोक जाळीच्याही आधी कुंडीची व्यवस्था लावतात: काळीऐवजी फिकट रंगाची किंवा जाड कापडाची पिशवी, भोवती गोणपाट, मातीवर चार बोटं पेंढ्याचं आच्छादन. आच्छादन हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

दुपारी झाड मान टाकतं तेव्हा हात आपोआप झारीकडे जातो. इथे जरा थांबा. बोट मातीत खुपसून पाहा. माती ओली असूनही पानं लोंबत असतील, तर पाणी आहे पण मुळांना ते पुरेशा वेगाने वर चढवता येत नाही. अशा वेळी आणखी पाणी ओतलं की वाफसा, म्हणजे मातीतल्या ओल आणि हवेचा मेळ, मोडतो. वर पाणी तापलेलं असलं तर त्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. संध्याकाळी मान पुन्हा वर आली तर काही बिघडलेलं नाही. पाणी पहाटे द्यावं, खोलवर द्यावं.

डाळिंबावर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून केओलिनची पांढरी फवारणी करतात, ती या पिकाच्या फुलोऱ्यावर चालत नाही. फुलांवर चिकट ग्रंथी असतात, पावडर तिथे बसली की निघत नाही. फुलांवर पाणी शिंपडणंही धोक्याचं, कारण दाट कणसांत ओल अडकून बुरशी धरते.

झाड स्वतःही तयारी करतं. १९६२ साली इटलीतले शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांनी फळमाशीच्या पेशींत गुणसूत्रं विशिष्ट ठिकाणी फुगल्याचं प्रसिद्ध केलं. प्रयोगपेटीचं तापमान चुकून वाढलं होतं. उष्णतेत बिघडणाऱ्या प्रथिनांना सावरणारी खास प्रथिनं पेशी बनवते, या शोधाची ती सुरुवात. वनस्पतीतही हीच यंत्रणा आहे, पण तिला जागं व्हायला वेळ लागतो. रोज थोडं थोडं तापत गेलेलं झाड तगतं. आठवडाभर ढगाळ असून एकदम ४४ अंश झाले की तेच झाड होरपळतं. रोपवाटिकेतून आणलेलं रोप थेट गच्चीवर ठेवू नये ते यासाठीच.

एवढं करून झाड वाचलं तरी एक नुकसान होतंच. या फुलांचा वास टर्पीन नावाच्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. भर दुपारी बागेत शिरल्यावर घमघमाट येतो आणि नवख्याला वाटतं पीक झकास आलंय. प्रत्यक्षात जो वास नाकाला येतोय तो फुलातून निघून गेलेला असतो. काढणीवाले म्हणूनच कपाळाला दिवा बांधून पहाटे, अंधार असतानाच शेतात उतरतात.